हात लागला असेल

डोळे उघडले तर स्क्रीन काळी. आरतीचा शेवटचा शब्द अजून माझ्या तोंडात होता, माईची घंटा अजून वाजत होती, आणि डोळे मिटण्यापूर्वी जिथे पांढरे चौकोन एकापुढे एक सरकत होते तिथे आता काहीच नव्हतं. काम चालू आहे, मशीन बंद करू नका, ही खालची सूचनाही नव्हती. सीपीयूच्या पंख्याचा आवाज नव्हता. काळजात धस्स झालं म्हणतात तसंही काही झालं नाही. जिन्यात अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं आधी नुसतं रिकामं वाटलं. मग टाळूपर्यंत रक्त चढलं. टेबलाकडे धावलो, भिंतीवरचं बटण खालीवर केलं, खालच्या यूपीएसचं दाबलं, सीपीयूचं दाबलं, जे दाबता येईल ते सगळं दाबलं. काय चालू होतं आणि काय बंद, हे बघायला डोकं जागेवर कुठे होतं. पंखा फिरायला लागला, हिरवा दिवा लागला, स्क्रीन मात्र काळीच. मॉनिटरचा दिवा नारंगी, म्हणजे तो बिचारा वाट बघतोय आणि पलीकडून त्याला काही येत नाहीये. ‘कोणी बंद केलं हे?’ मी ओरडलो. खोलीत माझ्याशिवाय फक्त माई होती, माझी आई. दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभी, एका हातात पूजेचं तबक, दुसऱ्यात घंटा. ती माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ, आणि मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, ‘माझाच हात लागला असेल, बाळ.’

माझं डोकं गरम, हे देवासमध्ये मला ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण हात थंड, हेही ठाऊक आहे. उमेदीची सगळी वर्षं कारखान्यात गियर कापले, हात कधी चुकला नाही. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीच्या गोड नावाखाली घरी पाठवलं तेव्हा या वयात कंप्युटरची दुरुस्ती शिकायला जाऊन बसलो. वर्गातली पोरं म्हणायची, अंकल, ये आपके बस का नहीं है. आज त्यातलीच दोघं अडलं की माझ्याकडे येतात. समोरच्या खोलीत दुकान, आत घर. त्या दिवशी टेबलावर उघडा पडलेला सीपीयू खातेगावच्या धीरजचा होता, लग्नाचे फोटो काढतो तो. मोठी हार्ड डिस्क आणली होती, आणि जुना मदरबोर्ड तिला ओळखतच नव्हता. त्यावर उपाय एकच. मदरबोर्डवर नखाएवढी एक चिप असते, तिला बायोस म्हणतात. बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी ती जागी होते आणि मग बाकीच्यांना उठवते, की ही तुझी मेमरी, हा तुझा पडदा, ही तुझी डिस्क. तिच्यातलं जुनं लिखाण पुसून नवं लिहायचं. काम दोन मिनिटांचं, पण त्या दोन मिनिटांत मशीन बंद पडलं तर जुनं पुसलेलं आणि नवं अर्धवट. मग आपण कोण हेच त्याला आठवत नाही. वीज जाण्याची भीती नको म्हणून तर टेबलाखाली पाटावर यूपीएस ठेवलेला आहे. सगळी तयारी करून मी सुरुवात केली होती. आणि धीरज सकाळीच फोनवर म्हणाला होता, मल्हार भिया, कल दशहरे पे ले जाऊंगा, पक्का ना? मी म्हणालो होतो, पक्का.

खंडेनवमी होती. घरात अवजार असेल तर त्याची पूजा व्हायलाच पाहिजे, हा माईचा हट्ट, आणि खरं सांगायचं तर माझाही. सकाळपासून ती उपाशी. मी माझे स्क्रूड्रायव्हर, पक्कड, सोल्डरिंगची कांडी, सगळं पुसून रांगेत मांडलं, एकेकाला अंगठ्यानं कुंकू लावलं. माईचे गुडघे गेले आहेत, तिला वाकवत नाही, म्हणून लावालावी माझ्याकडे आणि तबक-घंटा तिच्याकडे. ‘ते मशीन बंद नाही करायचं का? चालत्या अवजाराची पूजा करत नाहीत,’ ती म्हणाली होती. मी म्हणालो होतो, ‘दोन मिनिटं, माई. त्याला हात लावायचा नाही.’ म्हणजे बघा, तिला सांगितलेलं होतं. म्हणूनच तर माझा तोल गेला. नको ते बोललो. तुला सांगितलेलं कळत नाही, कळलेलं राहत नाही, तुझ्यापायी एक दिवस हे घर पेटेल, असं बोललो. लतिका, माझी बायको, पुरणाच्या हातानं तशीच बाहेर आली. माझ्याकडे एकदा बघून ती आत गेली. त्या बघण्याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला. महिन्यापूर्वी ठरलं होतं, की आता अजून एकदा जरी असं काही झालं तर माईला धारला माझ्या थोरल्या भावाकडे पाठवायचं. प्रतापरावांच्या घरी दिवसभर माणसं असतात, लक्ष राहतं. आतून फोनची चकती फिरल्याचा आवाज आला. मग लतिकाचा हळू आवाज, ‘हो भाऊजी, आजच झालं पुन्हा. उद्या सोनं द्यायला येणारच आहात ना, तेव्हाच घेऊन जा.’ माईनं तबक देवापुढे ठेवलं आणि पदराला हात पुसत ती आपल्या खोलीत गेली. तिनं एका शब्दानं उलट उत्तर दिलं नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

दुरुस्तीचा एक धर्म असतो. आधी बाहेरचं बघायचं, मग आतलं. मॉनिटरची तार काढून घातली, मग माझा स्वतःचा मॉनिटर लावून पाहिला. काळा. रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले, फुंकर मारून पुन्हा बसवली. काळा. मग रॅम काढूनच चालू केलं. चांगलं मशीन असेल तर अशा वेळी लांब भोंगा मारून तक्रार करतं, मेमरी कुठे आहे म्हणून. यानं तक्रारही केली नाही. तक्रार करणारं आत कोणी उरलं नव्हतं. पंखा फिरतोय, दिवा जळतोय, अंग गरम आहे, आणि माणूस हाकेला ओ देत नाही. गोल बॅटरी काढून ठेवली, पिन इकडची तिकडे केली, ज्यानं जुन्या खुणा पुसल्या जातात. तेवढा वेळ थांबावं लागतं. टेकडीवरून देवीच्या रांगेचा लाउडस्पीकर ऐकू येत होता, कोणीतरी हरवलेल्या म्हातारीचं नाव पुकारत होतं, गांव फलाना, जहां भी हों मंच के पास आ जाएं. मी बसल्या बसल्या माईचा हिशेब करत होतो. श्रावणात टाकीचा नळ रात्रभर चालू राहिला आणि सकाळी माझी दुकानाची खोली पाण्यात. पुढचं दार एकदा सताड उघडं. आणि गणपतीतला तो गॅस, खाली शेगडी फुरफुरतेय, वर पातेलं जळून काळं ठिक्कर, धूर ओसरीपर्यंत. लतिका शाळेतल्या नोकरीवरून आली म्हणून वाचलो, मी तर दुकानात कामात गुंग. प्रत्येक वेळी माईचं एकच. माझ्याकडूनच राहिलं असेल. माझाच हात लागला असेल. गुन्हा कबूल करायची ही तिची पद्धत मला नेहमीच विचित्र वाटली आहे. ‘असेल’ कशाला? केलंय तर केलंय म्हणावं.

आणि हे काही म्हातारपणाचं नव्हतं. माई पहिल्यापासूनच विसरभोळी. धारला आमच्या गल्लीत तिचं नावच तसं पडलं होतं. दूध उतू जायचं, किल्ल्या हरवायच्या, एकदा तर आम्हा दोघा भावांना आत ठेवून बाहेरून कुलूप लागलं होतं आणि आम्ही खिडकीतून शेजारणीला हाका मारत होतो. बापूसाहेब, आमचे वडील, गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते. शांत माणूस. ते मधे पडायचे नाहीत, नुसते कानकोंडे होऊन बघत राहायचे, आणि आम्हाला वाटायचं, किती सोसतात बिचारे. अमझेऱ्याचे मामा आले की चिडवायचे, ताई, डोकं माहेरी विसरलीस का गं? माई हसायची. हसण्यावारी न्यायची तिला सवयच होती. तिची अजून एक सवय होती. बापूसाहेब ड्युटीवरून आले की हातातलं काम टाकून ती दारात जायची, त्यांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघायची आणि मगच म्हणायची, ‘चला, जेवून घ्या.’ आम्ही भाऊ त्याची नक्कल करायचो. थोरला बापूसाहेब व्हायचा, मी माई. पुढे पेन्शन झाल्यावर बापूसाहेबांचं डोकं अचानक गेलं, दोन वर्षं घरातलं कोणी ओळखलं नाही, आणि त्यातच गेले. तेव्हा सगळे म्हणाले, एवढ्या विसराळू बाईला किती व्यवस्थित सेवा जमली. औषधाची एक वेळ चुकली नाही. मला तेव्हाही त्याचं नवल वाटलं होतं, पण नवल वाटून आपण पुढे जातो.

बॅटरी लावली, चालू केलं, काळाच. म्हणजे ज्याला घाबरत होतो तेच, चिपच अर्धवट लिहिलेली. हाताला घाम आला. अंगठ्याला लागलेलं कुंकू घामानं बोटभर पसरलं. इंदूरला चिपा लिहून देणारे आहेत, पण सणाची दुकानं बंद, आणि धीरज उद्या दारात. मी सीपीयूला घातलेला झेंडूचा हार काढून बाजूला ठेवला. कारखान्यात मशीन बिघडलं तर आम्ही हार काढायचो नाही, अपशकुन म्हणायचे. आमच्या कारखान्यात खंडेनवमी म्हणजे वर्षातला मोठा दिवस. सगळ्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या एकेका विभागात, धुऊन पुसून ठेवलेली मशिनं, तेलाचा वास, त्यात उदबत्ती. फोरमन घंटा वाजवायचा, आणि घंटेबरोबर प्रत्येकानं खाली वाकून आपल्या मशीनचं लाल बटण दाबून धरायचं, चक्र पूर्ण थांबेपर्यंत सोडायचं नाही. ते बटण उजव्या बाजूला, गुडघ्याच्याही खाली. हा नियम मानाजीच्या वर्षी झाला. मानाजी माझ्या शेजारच्या मशीनवर. त्या वर्षी नवंकोरं उपरणं घालून आला होता, बायकोनं दिलेलं, सकाळपासून सगळ्यांना दाखवत होता. बटण दाबलं, पण चक्र अजून फिरत होतं आणि हा हार घालायला वाकला. उपरणं गेलं, उपरण्यामागून हात गेला. त्याचा आवाज मला आठवत नाही. मला घंटा आठवते, कारण फोरमनला कळलंच नव्हतं, तो बिचारा डोळे मिटून वाजवतच होता. त्यानंतर दरवर्षी घंटा ऐकली की माझा हात आधी खाली जायचा, मग मला कळायचं की घंटा वाजली. एवढ्या वर्षांत या खोलीत हे मला एकदाही आठवलं नव्हतं. त्या दिवशीही आठवलं ते मानाजीसाठी, बाकी कशासाठी नाही.

एक शेवटचा उपाय असतो. चिप पुसताना तिचा एक छोटा कोपरा मुद्दाम पुसत नाहीत. त्या कोपऱ्याला पडदा दिसत नाही, डिस्क दिसत नाही, काही कळत नाही. फक्त फ्लॉपी तेवढी वाचता येते. फ्लॉपीवर नवं लिखाण आणि चार ओळींचा हुकूम ठेवला, तर तो कोपरा अंधारात चाचपडत ते वाचतो आणि उरलेली चिप पुन्हा लिहून काढतो. आपल्याला काही दिसत नाही, नुसतं ऐकायचं. मी माझ्या मशीनवर फ्लॉपी तयार केली. एकदा खराब निघाली, दुसरी केली. घातली, चालू केलं. काही नाही. मग फ्लॉपीचा दिवा लागला आणि खर्र असा आवाज आला. जीव भांड्यात पडला असं म्हणणार होतो, पण एवढ्यात पडू द्यायचा नव्हता. खर्र, खर्र, मग शांत. आता लिहीत असेल. किंवा मेलं असेल. दोन्हींचा आवाज सारखाच. या वेळी मात्र कोणी हात लावायचा नाही, असं मी मोठ्यानं म्हणालो, घरात ऐकू जाईल असं. आतून माईच्या ट्रंकेची कडी वाजली. मी खुर्चीत बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. काळ्या काचेत माझा चेहरा दिसत होता, आणि क्षणभर तो बापूसाहेबांचा वाटला. वय तेच, आता माझं जे आहे ते. पेन्शनच्या कितीतरी आधीचं. बराच वेळ काहीच झालं नाही म्हणून उठलो, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, आणि एक छोटीशी स्वच्छ बीप ऐकू आली. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मेमरी मोजली. नवी डिस्क तिच्या नावानिशी ओळखली. मला रडू येईल की काय असं झालं. मी हार पुन्हा सीपीयूवर घातला.

आणि तेवढ्यात वीज गेली. दिवेलागणीला ती जातेच, त्याचं कोणाला काही वाटत नाही. छताचा पंखा थांबला, ट्यूब विझली, टेकडीचा लाउडस्पीकर गप्प झाला. पडदा मात्र तसाच चालू होता, पांढऱ्या अक्षरांसकट, आणि टेबलाखालून यूपीएस टींव टींव करत होता, की मी सांभाळलंय, तू तुझं आवरून घे. मी पडद्याकडे बघत उभा राहिलो. अंगावर काटा यायला थोडा वेळ लागला. भिंतीवरचं बटण कोणी बंद केलं असतं, तर दुपारीही असंच झालं असतं. यूपीएसनं आवाज केला असता आणि मशीन चालूच राहिलं असतं. मशीन जर खट्कन गेलं, तर यूपीएसच बंद झाला असला पाहिजे. आणि त्याचं बटण खाली, पाटावर, उजव्या बाजूला, टेबलाच्या पायाआड. नुसता हात लागून ते बंद होत नाही. वाकावं लागतं, दाबून धरावं लागतं. माईला वाकता येत नाही. लतिका स्वयंपाकघरात होती. मी टॉर्च घेतला आणि गुडघ्यावर बसलो. बटणावर कुंकू होतं. अंगठ्याचा सबंध ठसा, कडेच्या रेघांसकट. आधी मनात आलं, हा तर नंतरचा, घाबरून दाबलं तेव्हाचा. स्वतःला वाचवायला माणसाला किती पटकन सुचतं. पण दाबलं कशाला होतं? चालू करायला, आणि त्यानंतरच मशीन चालू झालं. म्हणजे बंद होतं. आणि मग घंटा. मी डोळे उघडले तेव्हा घंटा वाजत होती. मधे एकदाही थांबली नव्हती. एका हातात घंटा, एका हातात तबक. तिसरा हात माईकडे नाही.

तिच्या खोलीत निरांजन आणून ठेवलेलं होतं, तेवढाच उजेड. ती खाटेवर बसून लुगड्यांच्या घड्या पिशवीत भरत होती. ‘झालं का रे सुरू?’ तिनं विचारलं. झालं, म्हणालो. ‘मग जेवून घे. लतिका खोळंबली आहे.’

‘माई, तुझे दोन्ही हात भरलेले होते.’

‘असतील.’

‘मग बंद कोणी केलं?’

‘कशाला उकरून काढतोस? सुरू झालं ना? उद्या प्रताप येईल, मी जाईन. चार दिवस तिकडे बरं वाटेल.’

‘तू पाहिलंस. तू तिथेच होतीस.’

तिनं घडी मांडीवर ठेवली. ‘पाहिलं,’ ती म्हणाली. ‘घंटा वाजायला लागली, तू डोळे मिटलेस. मग खाली वाकलास. अंगठा दाबून धरलास. मग सरळ उभा राहून हात जोडलेस. चेहऱ्यावर काही नाही.’

मला हसू आलं. खरंच आलं, सुटल्यासारखं. म्हटलं, अगं, ही कारखान्याची सवय. मग मी तिला मानाजीची सगळी गोष्ट सांगितली, उपरण्यासकट, फोरमनसकट. घंटेबरोबर हात खाली जायचा, इतकी वर्षं, तो अंगात भिनलाय, डोक्याला विचारत नाही, एवढंच आहे ते. खूप बोललो मी. इतकं बोलायची काही गरज नव्हती. माईनं सगळं ऐकून घेतलं.

‘तेही असंच म्हणाले होते,’ ती म्हणाली.

‘कोण?’

‘त्यांनी पहिल्यांदा भर दुपारी सगळ्या गावाचं पाणी बंद केलं तेव्हा. म्हणाले, रोजची सवय, हात गेला. मला पटलं होतं.’

‘बापूसाहेबांना पेन्शननंतर झालं, माई.’

‘लोकांना पेन्शननंतर दिसलं,’ ती म्हणाली. ‘तोवर मी होते ना.’

मी दाराची चौकट धरली. धारचं घर एकदम उजेडात आलं, आणि त्यातलं एकही सामान आपल्या जागी नव्हतं. उतू गेलेलं दूध. किल्ल्या. बाहेरून कुलूप लावून कोण गेलं होतं आम्हाला, हे आम्ही कधी विचारलंच नाही, कारण माईनं येऊन सांगितलं होतं. मामांचं चिडवणं आणि तिचं हसणं. नोकरी टिकली पाहिजे, गावानं हसायचं तर मला हसावं, एवढ्यासाठी एका हुशार बाईनं सबंध जन्म विसरभोळी म्हणून काढला, आणि आम्ही दोघं तिची नक्कल करत होतो. मला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं. पण त्याच्याही आधी मला गॅस आठवला, आणि मी बसलो नाही.

‘गणपतीत,’ मी म्हणालो, ‘तू घरी होतीस ना?’

तिनं मांडीवरच्या घडीवरून हात फिरवला. तिला बोलायची गरजही नव्हती, कारण ती शेजारच्या नर्मदाबाईंकडे गेली होती, त्यांच्या नातवाच्या बारशाला. परत आली तेव्हा हातात घुगऱ्यांची वाटी होती, लतिका ओरडत होती, आणि वाटी हातात तशीच धरून माई म्हणाली होती, माझ्याकडूनच राहिला असेल. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी पटवून घेतलं होतं. त्या दिवशी मला चहाची लहर आली होती. पातेल्यात पाणी घातलं, तेवढं मला दिसतंय. काडी ओढली, ज्योत निळी. त्याच्या पुढे काही नाही. चहा पिऊन झाल्याचं नाही, दुकानात येऊन बसल्याचं नाही. मी पुन्हा पाणी घातलं, पुन्हा काडी ओढली, पुन्हा तिथेच येऊन थांबलो. श्रावणातल्या नळाचं तर मला पाणीसुद्धा दिसेना. माझे पाय गार पडले. भीती इतकी साधी असेल असं वाटलं नव्हतं, ती पायांतून वर येत होती आणि तिला कसला आवाज नव्हता.

‘प्रतापकडे जाईन खरी,’ माई हळूच म्हणाली, ‘पण मग इथे कोण? तेवढीच काळजी. तू लतिकाला काही सांगू नकोस. माणूस घाबरलं की मग त्याच नजरेनं बघतं. अजून धंदा आहे तुझा. लोक मशीन देतात विश्वासानं.’

लतिका कंदील घेऊन दारात आली. ‘काय अंधारात बसलात मायलेक? लागलं का तुमचं ते मशीन?’ लागलं, मी म्हणालो. ‘देवी पावली. माई, गोळ्यांची डबी वरच ठेवा हं, तिकडे शोधत बसाल.’ तिच्या आवाजात वाईटपणा नव्हता. दुपारपासून रडून तिचेही डोळे लाल झाले होते. माई म्हणाली, ‘हो गं. उगीच माझा हात लागला आणि सणाच्या दिवशी सगळ्यांना...’

‘माझा लागला,’ मी म्हणालो.

लतिकानं माझ्याकडे बघितलं आणि ती चक्क हसली. ‘आता पुळका आला का आईचा? राहू द्या. पाठीशी घालून काही होणार नाही, त्यांच्याच जिवाचं बघतोय आपण.’

मी कंदिलाच्या उजेडात अंगठा धरला. का धरला कोण जाणे, तिला त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. ‘मशीन मी बंद केलं,’ मी म्हणालो. ‘गॅस मी ठेवला होता. नळ मी. दाराचं मला आठवत नाही, पण तेही मीच असणार. माई कुठेही जायची नाही. प्रतापरावांना फोन कर, म्हणावं या, पण तिला न्यायला नको. मला कोणा डॉक्टरला तरी दाखवायला पाहिजे, इंदूरला.’

लतिकाचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर ते थोडा वेळ तसंच राहिलं, काय करावं न कळल्यासारखं, आणि मग तिनं कंदील खाली ठेवला. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. माईनं मांडीवरची घडी पिशवीत न ठेवता खाटेवर ठेवली. गुडघ्यांवर हात देऊन, खाटेच्या काठाला धरून ती उठली, हळूहळू माझ्यापर्यंत आली, आणि तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतलं.

‘चल,’ ती म्हणाली, ‘जेवून घे.’